हातावर गाठ उठली तेव्हा

अंगावर गाठ उठली म्हणून आनंदाने रडणारी बाई कुणी पाहिली नसेल. मी पाहिली आहे, कारण ती मीच. हे सांगायला लागले की आमच्या सुना तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत बापड्या. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, आणि माझा तर हात जळाला तरी मला कळलं नव्हतं. गोष्ट तिथूनच सुरू होते.

माझं माहेर उचगावचं, शेतकऱ्याचं. सासर निपाणीत. मालक तंबाखूच्या वखारीत कामाला होते. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस. आमची मुलगी नुकती भिंत धरून चालायला लागली होती. एका सकाळी मी भाकऱ्या करत होते आणि कोपराखाली डावा हात तव्याला टेकला. मला काही समजलं नाही. करपल्याचा वास आला तो सासूबाईंना.

"हात जळालाय गं तुझा," त्या म्हणाल्या.

बघते तर कातडं सोललेलं, आणि दुखत मात्र नव्हतं. त्या जागी फिकट चट्टा बऱ्याच महिन्यांपासून होता. शिबं असेल म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. दोघींच्याही मनात एकच शब्द होता आणि दोघींनीही तो गिळला. महारोग हा शब्द घरात उच्चारला तर शेजारी ऐकू जातो, असंच तेव्हा वाटायचं.

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं आणि तिथून गावाबाहेर, माळावरच्या महारोग्यांच्या दवाखान्यात माझी रवानगी झाली. अशा गोष्टीत लोकांना एक वाईट सासू हवी असते. माझ्या सासूबाई वाईट नव्हत्या. आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो. माझं बाळंतपण त्यांनी पोटच्या लेकीचं करावं तसं केलं होतं. निघायच्या दिवशी त्यांनी भाकरी आणि शेंगांची चटणी बांधली, हुंदके देऊन रडल्या, पण गाठोडं उंबऱ्यावर ठेवून मागे सरल्या. मुलगी माझ्याकडे झेपावू नये म्हणून तिला घेऊन घरामागच्या परड्यात गेल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. तो राग मी दवाखान्यात सोबत घेऊन गेले, आणि खरं सांगायचं तर पहिले काही महिने मी त्याच्यावरच जगले.

पण सदानकदा रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. तिथे गेल्यावर कळलं की माळावरची माणसंही भांडतात, चहा जास्त गोड झाला म्हणून कुरकुरतात, एकमेकांची लग्नंसुद्धा जुळवतात. आठवड्यातून एकदा रोगावरचं औषध म्हणून कडू कवठीच्या तेलाची सुई असायची. तिने ढुंगण असं ठणकायचं की त्या दिवशी सगळा दवाखाना उभ्याने जेवायचा. ते पाहून मला इतकं हसू आलं की त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर जेवले. अर्थात, उभ्यानेच.

माझ्या शेजारच्या खाटेवर खानापूरकडची एक वयस्क बाई होती. सगळे तिला आक्का म्हणायचे. तिचा रोग जुना. भुवया झडलेल्या, कानाच्या पाळ्या जाड झालेल्या. दवाखान्याचं धुणीघर तिच्या ताब्यात होतं आणि सगळ्यांच्या संसाराची चौकशीही तिच्याच ताब्यात होती. तिच्याइतकी हसरी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

मी पाचवीपर्यंत शिकलेली, हात स्थिर, म्हणून डॉक्टरांनी मला त्यांच्या तपासणीच्या खोलीत कामाला घेतलं. आधी काचा धुणं, मग त्या रंगवणं. डॉक्टर बेळगावातलेच, मुंबईला शिकून आलेले. माणूस देवभोळा नव्हता, पण सकाळी दुर्बिणीला हात लावायच्या आधी चप्पल बाहेर काढायचा. सूक्ष्मदर्शकाला आम्ही दुर्बीणच म्हणायचो. त्यांना जेवायची शुद्ध नसे. बायको डबा पाठवायची, आणि तो संध्याकाळी जसाच्या तसा परत गेला की त्यांच्या घरात काय होत असेल ते आक्का आम्हाला साभिनय करून दाखवायची.

डॉक्टरांच्या डोक्यात एकच किडा होता. रोगाचा जंतू एकच, मग एकाला नुसता चट्टा आणि दुसऱ्याचं सगळं अंग पोखरलेलं, असं का? त्यांनी मला ते दुर्बिणीतून दाखवलं. आक्कासारख्या रोग्याच्या कातड्याचा तुकडा कापून, मेणात बसवून, त्याची पातळ चकती काढून रंगवली, की आत फुगलेल्या पेशी दिसायच्या आणि त्यांच्या पोटात लाल काड्यांचे जुडगे. "या आपल्या राखणदार पेशी," डॉक्टर म्हणाले. "जंतूला गिळतात, पण पचवत नाहीत. घरात चोर घेतला आणि त्यालाच जेवू घालत बसल्या." नुसता चट्टा असणाऱ्यांच्या तुकड्यात मात्र काड्या सापडतच नसत. तिथे पेशी घट्ट घोळका करून बसलेल्या असायच्या. "यांनी मारामारी केलीय," ते म्हणत. "चट्टा दिसतो तो या मारामारीचा. अशा माणसाकडून दुसऱ्याला रोग लागत नाही. त्याला इथे डांबून ठेवायचं कारण काय?"

हे वरच्या साहेबांना पटवायचं तर पुरावा हवा. त्यासाठी त्यांनी एक लस तयार केली. जड रोग असलेल्याच्या गाठीचा तुकडा उकळायचा, घोटायचा, गाळायचा. जंतू मेलेले. त्याचा थेंब हातावर कातड्यात टोचायचा आणि तीन-चार आठवडे थांबायचं. तिथे गाठ उठली तर शरीर लढणारं, सपाट राहिलं तर नाही. डॉक्टरांनी सगळ्यांना व्हरांड्यात बसवून हे समजावून सांगितलं आणि शेवटी, माणूस भाबडा, म्हणून गेले, "ज्यांना गाठ उठेल त्यांना घरी पाठवा असं मी लिहिणार आहे."

घर हा शब्द ऐकल्यावर पुढचं कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

मी तर नाहीच. दर महिन्याला एका रविवारी मालक मुलीला घेऊन यायचे. फाटकाच्या आत दगडांची एक ओळ होती. ते पलीकडे, मी अलीकडे. आधी आधी ती माझ्याकडे यायला हात पुढे करायची. मग करेनाशी झाली. त्या महिन्यात मालक तिला म्हणाले, "ती बघ कोण हाय?" ती माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "दवाखान्यातली बाई." मालकांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. मी त्यांना तंबाखूचा भाव विचारला. मला तंबाखूच्या भावाचं काय पडलं होतं? पण काहीतरी विचारायला हवंच होतं. अजून वर्षभर असंच गेलं तर ती मला तेवढंही म्हणणार नाही, हे मला दिसत होतं. माझं सगळं भविष्य उजव्या हातावरच्या त्या टोचलेल्या ठिपक्यात होतं.

गाठ उठली. आधी तांदळाएवढी, मग हरभऱ्याएवढी, लालसर, घट्ट. मी ती येता-जाता चाचपायचे. आक्का म्हणाली, "अगं, गर्भार बाई पोट चाचपती तसं करायलीस की तू." तेव्हाच मी रडले. आक्काही रडली, आणि मग दोघी हसलो.

गंमत म्हणजे गाठ फक्त मलाच उठली नाही. सगळ्यांनाच उठली. तपासणीच्या दिवशी डॉक्टर पट्टी घेऊन एकेक हात मोजायला लागले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. हाही लढणारा, तोही लढणारा. आक्काच्या हातावर तर लिंबाएवढा फुगा होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं झालं. डॉक्टरांनी माणूस पाठवून बेळगावातून टोपलीभर कुंदा मागवला आणि आपल्या हाताने वाटला. इतका गोड दिवस त्या माळावर कधी उगवला नव्हता. मी मोजणीच्या वेळी सगळ्यांचे हात धरायला उभी होते, म्हणून मला दोन वाटे मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा माझे डोळे उघडेनात. पापण्या सुजून भज्यासारख्या झालेल्या, ओठ जाड, दोन्ही तळहातांवर बारीक पुरळ आणि अशी खाज की भिंतीला हात घासावेत. आरशात बघायची गरज नव्हती. लहानपणी शेतात हे माझं दोनदा झालं होतं. मला बिब्बा उततो. नुसता जवळून गेला तरी उततो. बाळंतपणात आत्तींनी सगळ्या बाळंतिणींना देतात तसा बिब्बा द्यायचा म्हणून आणला होता, तर माझा अवतार बघून तो परड्यात नेऊन पुरला होता.

डॉक्टर धावत आले. मला विचारलं, "काय खाल्लंस?" मी म्हटलं, "कुंदा." मग त्यांनी माझे तळहात पाहिले, आणि वळून आक्काचा हात हातात घेतला. फुग्याच्या मधोमध काळा डाग होता. धुणीघरात कपड्यांवर खुणा करायला बिब्बाच वापरायचे. त्याचा डाग धुतला तरी जात नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डॉक्टरांनाही होतं. आदल्या दिवशी आनंदात त्यांना ते दिसलं नाही, एवढंच.

"आक्का, हे काय केलंस?"

आक्का मुळीच बिचकली नाही. "गाठ पायजे म्हंटलासा, गाठ दिली," ती म्हणाली. "हिला सोडून समद्यांच्या हातावर सुईनं जरा जरा टेकवला. तुमी एवढं राबतायसा. तुमच्या औशिदाला जरा हातभार नगो?"

डॉक्टर खाटेवर बसले. आम्हाला वाटलं आता चिडणार. ते आधी खोकल्यासारखं काहीतरी करायला लागले, मग चष्मा काढला, आणि मग पोट धरून हसले. एवढ्या हुशार माणसाच्या संशोधनात एवढ्याशा बिब्ब्याने बिब्बा घातला होता. सगळा दवाखाना हसला. मीही हसायचा प्रयत्न केला, पण ओठ हलत नव्हते.

हसणं संपल्यावर मात्र त्यांनी सांगितलं की ही तपासणी रद्द. सगळ्यांचे हात बरे होऊ द्यायचे, मग नव्याने लस करायची, नव्याने टोचायची. काही महिने जातील. सगळ्यांचंच रद्द.

माझा संताप झाला. सुक्याबरोबर ओलं जळतं, ते का म्हणून? मी सुजलेल्या तोंडाने त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "साहेब, माझी गाठ खरी आहे. मी बिब्बा लावला असता तर माझं काय झालं असतं ते बघा. दुसऱ्याचा हात नुसता धरला, तर हे झालंय."

"मला पटतं," ते म्हणाले. "पण मला पटणं हा पुरावा नाही. वरचे साहेब म्हणतील, सगळ्यांनी लबाडी केली, हिनेही केली असेल."

"मग कापा."

"काय?"

"माझी गाठ कापा आणि दुर्बिणीखाली बघा. बिब्ब्याने कातडं वरून भाजतं. माझी आतून आलीय."

 डॉक्टरांनी कपाट उघडून चाकू उकळायला ठेवला. त्यांनी माझ्या गाठीचा अर्धा भाग घेतला, आणि आक्कालाही बोलावून तिच्या फुग्याचा छोटा तुकडा घेतला. आक्का म्हणाली, "घ्या की. माझ्याकडं लई हाय." या वेळी त्यांनी मला कशालाही हात लावू दिला नाही. मेण, चकत्या, रंग, सगळं त्यांनी स्वतः केलं, कारण उद्या कुणी बोट दाखवायला नको. त्याला काही दिवस लागले. त्या दिवसांत मी धुणीघरात कपडे वाळत घातले, बिब्ब्याच्या डब्यापासून लांब, आणि ज्याच्या त्याच्यावर खेकसले. कुणीही मनावर घेतलं नाही.

अखेर त्यांनी मला हाक मारली. चप्पल बाहेर काढून मी आत गेले. त्यांनी आधी आक्काची काच दाखवली. वरचं कातडं फाटून उचललेलं, आत पाणी, आणि खाली तेच ओळखीचं, फुगलेल्या पेशी पोटात काड्या घेऊन निवांत. वरती घर जळत असताना त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मग त्यांनी माझी काच ठेवली आणि खुर्चीतून उठले.

वरचं कातडं शाबूत होतं. त्याखाली, खोलवर, फिकट पेशी एकमेकींना खेटून गोल बसल्या होत्या, आणि त्यांच्याभोवती बारीक काळ्या ठिपक्यांची दाट रांग. मळणीच्या वेळी खळ्याभोवती माणसं जमतात तशी. मधेच एक भली मोठी पेशी, पाच-सहाजणी मिळून एक झालेली. मी शेकडो काचा रंगवल्या होत्या, पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या. या माझ्या होत्या. मी चुलीपाशी बसून नशिबाला शिव्या देत होते, फाटकाजवळ भाव विचारत होते, खाटेवर आत्तींवर चिडत होते, आणि त्या सगळ्या वेळात या आत कामाला लागलेल्या होत्या, कुणी सांगितलेलं नसताना. माझ्या शरीराची मला लाज वाटायची. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला. तसं मी डॉक्टरांना बोलूनही दाखवलं, आणि ते म्हणाले, "मलाही."

आक्काने हे ऐकलं तेव्हा तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "माझी गडी-माणसं आळशी निघाली," ती म्हणाली. "तुझी तरी राबली. जा आता." तिचं घर कायम तिथेच राहणार हे तिलाही ठाऊक होतं. त्या संध्याकाळी तिने गाणी म्हटली आणि मला नाचायला लावलं.

वरच्या साहेबांनाही काचा पटल्या, आणि मला सोडायचा कागद झाला. डॉक्टरांनी सही करून मालकांच्या हाती दिला. पुढच्या रविवारी मालक तो कागद घेऊन परत आले. खाली मान घालून म्हणाले, "आई म्हंत्या, कागूद कुणीबी लिवतंय."

मी दगडांच्या अलीकडे उभी होते. तोंडात आलं ते सगळं बोलले. मालकांनी ऐकून घेतलं. डॉक्टर मात्र चिडले नाहीत. त्यांचं म्हणणं, बाईंचं बरोबर आहे, मीही कागदावर विश्वास ठेवत नाही. "त्यांना इकडे घेऊन या. मी त्यांना दाखवतो."

आत्ती आल्या. निपाणीहून मोटारीने, मुलीला कडेवर घेऊन. आल्यापासून त्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. त्या खोलीत आल्या आणि मी भिंतीला लागून उभी राहिले, हात पाठीमागे बांधून. डॉक्टरांनी त्यांना तासभर समजावलं असेल. राखणदार, चोर, मारामारी. आत्तींनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "दावा तर खरं."

दुर्बीण उंच टेबलावर होती. आत्तींनी एका हाताने मुलीला धरलं, दुसऱ्याने टेबलाचा काठ पकडला आणि वाकून नळीला डोळा लावला.

"काय बी दिसत न्हाय."

"दुसरा डोळा मिटा, बाई."

आत्तींनी एक डोळा मिटला की दुसराही मिटायचा. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मालक पुढे झाले, "मी झाकतो, आई." डॉक्टरही पुढे झाले.

"तुमी नगो," आत्ती म्हणाल्या. त्यांनी नळीवरून मान उचलली नाही. "ये गं हिकडं. झाक माझा डोळा."

मला वाटलं नर्सला म्हणतायत. खोलीत नर्स नव्हती.

"मी?" मी म्हटलं.

"मग कोण? सून कोण हाय माझी?"

मी गेले. उजव्या हाताला पट्टी होती म्हणून डावा पुढे केला, मग तोच चट्ट्याचा हात आहे हे ध्यानात येऊन थांबले. आत्तींनी टेबलाचा काठ सोडला, माझं मनगट धरलं आणि माझा तळवा आपल्या डोळ्यावर ठेवला. त्यांची पापणी माझ्या हाताखाली दोनदा फडफडली आणि मिटली.

त्या खूप वेळ बघत होत्या. आत त्यांना काय दिसलं ते मी कधी विचारलं नाही. मग त्या सरळ झाल्या, पदराने डोळे पुसले, दोन्ही, आणि मुलीला माझ्याकडे दिलं.

"धर हिला. माझी कंबर मोडली. मोटार चुकंल आपली."

मुलगी मला परकी समजून भोकाड पसरून रडली. अंग मागे टाकून आजीकडे हात करायला लागली. ती किती जड झाली होती. मी आत्तींकडे पाहिलं, परत घेतात की काय म्हणून.

आत्तींनी हात पुढे केला नाही. "रडू नगं," त्या तिला म्हणाल्या. "आई हाय तुझी ती." आणि आमच्या पुढे होऊन, दगडांची ओळ ओलांडून, मोटारीकडे चालायला लागल्या.